जर्मन वीरकाव्यांतील राक्षस आणि वीर



आजच्या व्याख्यानाचा विषय चौकातल्या फळ्यावर वाचून आमच्या संघटनेचे एक जुने सभासद मला मुद्दाम भेटायला आले. म्हणाले, “अण्णा, बोनसचं सोडून तुम्ही हे राक्षसांचं काय काढलंत?” मी म्हणालो, “संध्याकाळी या. बोनसचंच बोलणार आहे.” ते आले आहेत. तिसऱ्या रांगेत बसलेले मला दिसत आहेत. तेव्हा दिलेला शब्द पाळणे मला भाग आहे.

प्रथम माझ्या अधिकाराविषयी. तो मुळीच नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. त्यापुढचे जे काही झाले ते एका कारखान्याच्या फाटकावरच्या केबिनमध्ये. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी तिथे कंत्राटदाराचा रखवालदार होतो. रात्रपाळीत जागे राहायचे तर हाताशी काही तरी हवे, म्हणून रद्दीच्या दुकानातून वजनावर पुस्तके आणीत असे. मराठी संपली की इंग्रजी, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्या ढिगात एकदा ‘निबेलुंगेनलीड’ या जुन्या जर्मन काव्याचे हॅटो यांनी केलेले इंग्रजी गद्य भाषांतर निघाले. १९६५ साली प्रसिद्ध झालेले ते पुस्तक. त्यात एका किल्ल्याच्या फाटकावरच्या रखवालदाराची गोष्ट आहे. ती मी फाटकावर बसूनच वाचली, आणि त्या रात्री जागे राहण्यासाठी मला दुसरे काही लागले नाही. पुढे मॅक्स म्युलर भवनाच्या ग्रंथालयात जाऊ लागलो, आणि जर्मन जाणणाऱ्या एका प्राध्यापकमित्राने बाकीची काव्ये समोर बसवून मला समजावून दिली. त्या शिदोरीवर आज बोलणार आहे. रखवालदाराची गोष्टही सांगणार आहे, परंतु तिच्यापर्यंत पोचायला थोडी वाट चालावी लागेल.

‘निबेलुंगेनलीड’ हे काव्य इ. स. १२००च्या सुमारास डॅन्यूब नदीच्या काठी, पासाऊच्या परिसरात रचले गेले. त्याचे अध्याय ३९ आणि कडवी तेवीसशेहून अधिक. कवीने आपले नाव कुठेही घातलेले नाही. त्याच काळात आर्थर राजाच्या सरदारांवर काव्ये लिहिणारे वोल्फ्राम, हार्टमान यांसारखे कवी आपले नाव काव्यात आवर्जून गुंफतात. वीरकाव्ये मात्र निनावी. कारण त्यांतल्या गोष्टी कुणा एकाच्या मालकीच्या मानल्या जात नव्हत्या. त्या सातशे वर्षे लोकांच्या तोंडी चालत आल्या होत्या. बुर्गुंड लोकांच्या राज्याचा इ. स. ४३६च्या सुमारास हूणांच्या हातून झालेला नाश, ४५३ साली मेलेला हूणांचा राजा आटिला, आणि ५२६ साली मेलेला, इटलीवर राज्य केलेला गॉथांचा राजा थिओडोरिक, अशा खऱ्या माणसांच्या आठवणी या गोष्टींच्या तळाशी आहेत. परंतु लोकस्मृतीला इतिहासाची वही ठाऊक नसते. आटिला आणि थिओडोरिक यांची आयुष्ये एकमेकांना शिवतही नाहीत. काव्यात मात्र ते एका दरबारात बसतात. आटिलाचा झाला एट्झेल, थिओडोरिकचा झाला बर्नचा डीट्रिश. बर्न म्हणजे इटलीतले व्हेरोना. आणि सर्वांत मोठा बदल असा, की ज्या थिओडोरिकने इटली जिंकून तिच्यावर तेहतीस वर्षे राज्य केले, तोच गोष्टीत राज्याला मुकलेला, तीस वर्षे परमुलुखात दिवस काढणारा निर्वासित झाला. लोकांनी आपला आवडता वीर निवडला तो जिंकणारा नव्हे, हरवलेल्या घराकडे पाहणारा. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण व्याख्यानाच्या शेवटी हाच डीट्रिश आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता राक्षस. शब्दाचाच प्रथम खुलासा केला पाहिजे. आपण ‘राक्षस’ म्हटले की डोळ्यांसमोर सुळे येतात, माया येते, यज्ञाचा विध्वंस येतो. जर्मन काव्यांतला राक्षस असा नाही. तो मोजमापाने मोठा झालेला माणूस आहे. त्याला आई असते, भाऊ असतो, मामा असतो. तो झोपतो, घोरतो, रागावतो, शब्द देतो आणि कधी मोडतोही. आपल्याकडच्या घटोत्कचाशी त्याचे नाते अधिक जवळचे. घटोत्कचही पांडवांच्या बाजूचाच होता, आणि तो पडला तेव्हा कर्णाची शक्ती खर्ची पडली म्हणून कृष्णाला आनंद झाला. तेवढी एक गोष्ट लक्षात घेतली, की आजचा विषय परका राहत नाही. दुसरा शब्द नाही म्हणून मी ‘राक्षस’ म्हणतो आहे. आपण मनात ‘महाकाय माणूस’ असे म्हणावे.

हे महाकाय आले कोठून? पंधराव्या शतकात, नुकतीच छपाई सुरू झालेली असताना, १४७९च्या सुमारास या वीरकथांचा एक मोठा ग्रंथ छापला गेला. त्याला ‘हेल्डेनबुख’, म्हणजे वीरांचे पुस्तक, असे म्हणतात. त्यात गद्यामध्ये एक उत्पत्तिकथा सांगितली आहे. ती प्रथम ऐकली तेव्हा मला वाटले, हे पुराण नव्हे, हा तर कारखान्याचा नोकरीतक्ता आहे!

देवाने प्रथम खुजे निर्माण केले, असे ती कथा सांगते. कशासाठी? तर डोंगर ओसाड पडले होते आणि त्यांच्या पोटात सोने, रुपे, रत्ने होती. ती काढायला हुशार हात हवे होते. म्हणजे पहिले निर्माण झाले ते खाणकामगार. मग खुज्यांना वन्य पशूंपासून आणि डोंगरातल्या महासर्पांपासून भय उत्पन्न झाले. म्हणून देवाने राक्षस निर्माण केले. त्यांनी श्वापदे मारावी आणि खुज्यांना निर्धास्तपणे काम करू द्यावे. म्हणजे दुसरी निर्मिती रखवालदारांची. परंतु काही वर्षांनी राक्षस उलटले आणि खुज्यांनाच छळू लागले. तेव्हा देवाने तिसरे निर्माण केले, ते वीर. आकाराने मधले. त्यांनी राक्षसांपासून खुज्यांचे रक्षण करावे. आणि शेवटी ग्रंथकार सांगतो, की हे वीर सगळे राजे आणि उमराव होते, त्यांच्यात शेतकरी एकही नव्हता, आणि आजचे सारे सरदार त्यांचेच वंशज!

ही कथा रचणारा कोण होता, हे कळायला फार विचार नको. सरदाराच्या पंक्तीला बसणारा तो कुणी तरी असला पाहिजे. परंतु आपल्या नकळत तो एक मोठे सत्य बोलून गेला आहे. खुजा कामासाठी, राक्षस पहाऱ्यासाठी, आणि वीर या दोघांच्या वर. खुज्याने काढलेले सोने शेवटी कुणाकडे जाते, हे कथेत सांगितलेले नाही. ते बाकीच्या काव्यांत सांगितले आहे.

बाराव्या शतकाच्या मध्याचे ‘राजा रोटर’ नावाचे काव्य घ्या. रोटर हा बारी शहराचा राजा. कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाच्या मुलीला मागणी घालायला त्याने दूत पाठवले. बादशहाने दूतांना तुरुंगात टाकले. मग रोटर नाव बदलून स्वतः गेला, आणि बरोबर राक्षसांची टोळी नेली. त्यांचा म्होरक्या आस्प्रियान, आणि त्यांतला सर्वांत भयंकर विडोल्ट. या विडोल्टला साखळदंडाने बांधून चालवीत नेत. काम पडले की साखळी सोडायची, काम झाले की पुन्हा अडकवायची. रोटर बादशहाशी गोड बोलतो, अदबीने वागतो. त्याला स्वतः धमकी द्यावीच लागत नाही. पाठीमागे साखळी खुळखुळते, तेवढे पुरते. ज्यांनी वाटाघाटीच्या टेबलावर बसून मालकाच्या खुर्चीमागे उभी असलेली माणसे पाहिली आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

त्याच काव्यात एक प्रसंग आहे, तो मला फार आवडतो. बादशहाच्या दरबारात एक माणसाळलेला सिंह होता. जेवणाच्या वेळी तो मोकळा फिरे आणि नोकरांच्या पुढ्यातली भाकरी खुशाल उचलून खाई. बादशहाचा सिंह, बोलणार कोण? एके दिवशी त्याने आस्प्रियानच्या पुढची भाकरी उचलली. आस्प्रियानने त्याला धरले आणि भिंतीवर आपटले. सिंह मेला. (हशा) आपण हसलात. माझी खात्री आहे, आठशे वर्षांपूर्वी हे काव्य ऐकणारे नोकरही असेच हसले असतील. पण हेही पाहा, की इतके दिवस इतक्या नोकरांची भाकरी जात होती तेव्हा त्याबद्दल कुणी हात उगारला नव्हता. आस्प्रियानचा हात उठला तो त्याची स्वतःची भाकरी गेली तेव्हा. संघटना आणि मारामारी यांत फरक आहे तो हाच.

आता ‘निबेलुंगेनलीड’. त्याचा नायक सीगफ्रीड. त्याला निबेलुंगांचा खजिना कसा मिळाला, हे हागेन नावाचा सरदार तिसऱ्या अध्यायात सांगतो. शिल्बुंग आणि निबेलुंग असे दोन राजपुत्र होते. त्यांनी डोंगराच्या गुहेतून आपला खजिना बाहेर काढला होता, आणि वाटणीवरून त्यांचे जमत नव्हते. इतक्यात सीगफ्रीड घोड्यावरून तिथे आला. दोघांनी त्याला विनंती केली, की आपण त्रयस्थ आहात, तेव्हा ही वाटणी आपणच करून द्यावी. आणि मेहनताना म्हणून बालमुंग नावाची तलवार आगाऊ देऊन टाकली. लवादाला फी आगाऊ! खजिना तर एवढा, की नुसती रत्ने वाहायला शंभर गाड्या पुरल्या नसत्या. सीगफ्रीडला वाटणी साधेना. राजपुत्र चिडले. आणि मग लवादाने काय केले? त्यांनीच दिलेल्या तलवारीने त्या दोघांना ठार केले आणि सगळा खजिना आपल्या ताब्यात घेतला. मंडळी, मी बरेच लवाद पाहिले आहेत. पण इतका झटपट निवाडा पाहिला नाही. (हशा)

या गडबडीत एक ओळभर उल्लेख येतो, आणि मला थांबायचे आहे ते तिथे. राजपुत्रांच्या बाजूला बारा बलाढ्य राक्षस होते. सीगफ्रीडने ते बाराही मारले, शिवाय सातशे योद्धे जेर केले. त्या बारांची नावे नाहीत. त्यांना वाटणीत काय मिळणार होते, याचा उल्लेख नाही. वाटणी दोघांची, फी तिसऱ्याची, आणि मेले बारा. तिसऱ्या रांगेतल्या माझ्या मित्रांना मी म्हणालो होतो की बोनसचे बोलेन, ते हेच. वाटणीचे भांडण कुणाचे आणि त्यात अंग कुणाचे मोडते, हा या काव्यातला पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रसंग आठव्या अध्यायातला, फाटकावरच्या रखवालदाराचा. आता तो किल्ला, तो खजिना, ते सारे राज्य सीगफ्रीडचे झालेले आहे. गुंथर राजाच्या कामासाठी त्याला हजार योद्धे हवे आहेत. म्हणून अदृश्य करणारा झगा अंगावर घेऊन, एकटाच नाव वल्हवीत तो आपल्याच किल्ल्यावर येतो आणि फाटक ठोठावतो. आतून महाकाय रखवालदार विचारतो, कोण आहे? सीगफ्रीड आवाज बदलतो आणि उर्मटपणे, दार उघड, म्हणतो. रखवालदार काय करील? जे कुठलाही प्रामाणिक रखवालदार करील ते. घाईने शिरस्त्राण चढवतो, हातात लोखंडी कांब घेतो आणि अनोळखी माणसावर तुटून पडतो. त्या माराने सीगफ्रीडची ढाल फुटते. त्याला क्षणभर मरणाचे भय वाटते. तरीही, कवी म्हणतो, मनातून तो आपल्या या नोकरावर खूश होता. अखेर त्याने रखवालदाराला लोळवले आणि बांधून टाकले. मग आरडाओरडा ऐकून खजिन्याचा राखणदार, खुजा आल्बेरिश, सोन्याचा चाबूक घेऊन धावत येतो. त्याची दाढी धरून त्यालाही बांधले जाते. तेव्हा कुठे मालक आपले नाव सांगतो.

हातातल्या कांबेकडे आपण लक्ष द्यावे. या काव्यांत राक्षसाच्या हाती बहुधा लोखंडी कांब किंवा सोटा असतो. तलवार ही सरदाराची. तलवारीला नाव असते, बालमुंगसारखे. तिच्या जन्माची कथा असते. कांबेला नाव नसते. आणि बहुधा कांब धरणाऱ्यालाही नसते. या रखवालदाराचे नाव कवीने कुठेच दिलेले नाही.

आता मला माझ्या स्वतःविषयी सांगितले पाहिजे. नाही तर हे व्याख्यान अप्रामाणिक होईल.

मी गावच्या तालमीतला. अंगापिंडाने आपण पाहता आहात तसा. शहरात आलो तेव्हा कंत्राटदाराने माझे शिक्षण विचारले नाही. छाती पाहिली आणि हातात काठी दिली. त्या कारखान्यात संप झाला. मला हुकूम एवढाच, की फाटकाच्या आत कोणी येता कामा नये. तिसऱ्या दिवशी रेटारेटी झाली, आणि मी एका कामगाराच्या हातावर काठी मारली. त्याचे मनगट मोडले. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने माझी पाठ थोपटली. तो मनातून माझ्यावर खूश होता.

आठवड्याने तो कामगार मला दवाखान्यात भेटला. मी माझा ताप दाखवायला गेलो होतो, तो प्लास्टर दाखवायला. तो शिवी देईल असे वाटले होते. त्याने शिवी दिली नाही. म्हणाला, “भाऊ, आमच्या मागण्या काय आहेत, ठाऊक आहे का तुला?” मला ठाऊक नव्हत्या. त्याने डाव्या हाताने खिशातून घडी घातलेले पत्रक काढून दिले. त्यातली सातवी मागणी अशी होती, की फाटकावरच्या कंत्राटी रखवालदारांची १९८१च्या कायद्याप्रमाणे सुरक्षा रक्षक मंडळाकडे नोंदणी करावी आणि त्यांना ठरलेले वेतन द्यावे. म्हणजे मी ज्याचा हात मोडला, तो माझ्याही पगारासाठी संपावर होता.

हे झाल्यावर सहा महिन्यांनी मला रद्दीत ते पुस्तक मिळाले, आणि तो आठवा अध्याय मी वाचला. बाकीचे वाचक तो प्रसंग गंमत म्हणून वाचतात. गंमत आहेच. पण मी सीगफ्रीडच्या बाजूने वाचू शकलो नाही. मी फाटकाच्या आत होतो. त्या दिवसापासून मी या काव्यांतल्या राक्षसांचा शोध घेत आलो आहे, आणि संघटनेचे कामही त्याच सुमारास सुरू केले.

शोध घेता घेता मला एक्के भेटला. ‘एक्केनलीड’ म्हणजे एक्केचे काव्य. तेराव्या शतकातले, त्याचे एक कडवे १२३०च्या सुमाराच्या एका हस्तलिखितात सापडते, ते म्युनिकला जपून ठेवले आहे. एक्के हा तरणाबांड महाकाय. डीट्रिशची कीर्ती ऐकून त्याच्या पोटात मत्सर उठतो. सगळे लोक त्याचेच नाव का घेतात? इतक्यात योखग्रिम पर्वतावरची झेबुर्ग राणी म्हणते, मला तो डीट्रिश एकदा पाहायचा आहे. ती एक्केच्या अंगावर जुन्या वीरांचे सोनेरी चिलखत चढवते आणि त्याला आणायला पाठवते. घोडा देऊ करते, पण एक्केचे वजन पेलील असा घोडा नाही. तो पायीच निघतो. व्हेरोनाच्या रस्त्यांत तो शिरला की लोक पळत सुटतात. शेवटी तिरोलच्या रानात त्याला डीट्रिश गाठ पडतो.

आणि आता या साऱ्या काव्यांतला माझ्या मते सर्वांत मोलाचा संवाद सुरू होतो. एक्के म्हणतो, लढ. डीट्रिश म्हणतो, कशासाठी? तू माझे काही केले नाहीस, मी तुझे काही केले नाही. एक्के आपल्या चिलखताचे वर्णन करतो. मला जिंकलेस तर हे तुझे. डीट्रिश म्हणतो, मला नको. एक्के त्याला भित्रा म्हणतो. तरी डीट्रिश हलत नाही. उपरे कुणी तरी पाठवले म्हणून दोन अनोळखी माणसांनी रानात एकमेकांचे गळे का कापावे, हे त्याला उमगत नाही. ही चालढकल डीट्रिशच्या बहुतेक काव्यांत आहे. वर्म्सच्या गुलाबबागेच्या काव्यात तर सीगफ्रीडशी लढायला तो तयारच होत नाही. म्हातारा गुरू हिल्डेब्रांट मेल्याची खोटी बातमी सांगून त्याला चेतवावे लागते. काव्यांतली पात्रे याला भ्याडपणा म्हणतात. पण श्रोत्यांनी पाहिले आहे, की एकदा लढायला उभा राहिला म्हणजे त्याच्या तोंडून ज्वाळा निघतात. तेव्हा ते भय नव्हे. तो विचार आहे.

अखेर एक्के इतका डिवचतो की द्वंद्व होते. रात्रभर चालते. डीट्रिश त्याला खाली पाडतो आणि शरण ये म्हणून पुन्हा पुन्हा विनवतो. एक्के नाही म्हणतो. चिलखताच्या फटीतून डीट्रिश तलवार खुपसतो. आणि मग विजयाचा पोवाडा नाही. तिथे विलाप आहे. डीट्रिश त्या प्रेताशेजारी बसून स्वतःला दोष देतो. चिलखत मात्र तो घेतो, हेही मी लपवणार नाही. ते अंगाला मोठे होते म्हणून तलवारीने कापून आखूड करतो. माणूस राजा होता, साधू नव्हता.

परंतु या काव्याच्या एका पाठात शेवट असा आहे, की डीट्रिश एक्केचे शिर घेऊन राण्यांकडे जातो आणि ते त्यांच्या पायांशी फेकतो. तुम्ही याला पाठवलेत, हे घ्या. माझ्या दृष्टीने डीट्रिश वीर ठरतो तो एक्केला मारले म्हणून नव्हे. ज्याने मारायला पाठवले त्याच्या दारात जाऊन त्याने जाब विचारला, म्हणून. माझ्या मते राक्षस आणि वीर यांच्यातला फरक बळाचा नाहीच. एक्के बळाने रेसभरही कमी नव्हता. फरक एका प्रश्नाचा आहे: कशासाठी, आणि कुणासाठी?

कुणी म्हणेल, जुन्या काव्यावर तुम्ही आपले मत लादता. तसे नाही, हे दाखवायला मी जर्मन इतिहासातलेच उदाहरण देतो. १९०९च्या मार्च महिन्यात जर्मनीचे चॅन्सेलर ब्यूलो यांनी संसदेत ऑस्ट्रियाशी असलेल्या मैत्रीला ‘निबेलुंगनिष्ठा’ असे नाव दिले. काही झाले तरी, प्रश्न न विचारता, साथ सोडायची नाही, असा तिचा अर्थ पुढे रूढ झाला. पाच वर्षांनी महायुद्ध पेटले. मग नाझी आले. २ मे १९३३ रोजी त्यांनी जर्मनीतल्या कामगार संघटनांच्या कचेऱ्यांवर छापे घालून त्या ताब्यात घेतल्या आणि पुढाऱ्यांना अटक केली. ‘कशासाठी’ असे विचारण्याची जागाच बंद झाली. आणि ३० जानेवारी १९४३ रोजी, स्टालिनग्राडला जर्मन सैन्य वेढ्यात भुकेने आणि थंडीने मरत असताना, गोरिंगने भाषण केले. त्यात त्याने या काव्याचाच दाखला दिला. एट्झेलच्या जळत्या दिवाणखान्यात निबेलुंग वीर शेवटपर्यंत लढले, रक्ताने तहान भागवून लढले, तसे तुम्ही लढा, असा त्याचा मथितार्थ. सैनिक जिवंत असतानाच त्यांचे श्राद्ध घातले गेले. तीन दिवसांत वेढा संपला. सुमारे ९० हजार कैद झाले आणि त्यांतले सहा हजारांच्या आसपास मायदेशी परतले.

गोरिंगने काव्य सांगितले, पण अर्धे सांगितले. त्या दिवाणखान्यात डीट्रिशही होता. भांडण पेटले तेव्हा त्यात उतरायला त्याने नकार दिला होता. सूड मागणाऱ्या क्रीमहिल्ड राणीलाही त्याने नाही म्हटले होते. शेवटी हिल्डेब्रांटखेरीज त्याची सगळी माणसे मारली गेली, तेव्हा तो उठला. आणि तेव्हाही प्रथम त्याने गुंथर आणि हागेन यांना शरण येण्यास सांगितले, तुम्हाला सुखरूप घरी पोचवीन असा शब्द दिला. त्यांनी ऐकले नाही, तेव्हा त्याने दोघांना जिवंत पकडले आणि यांना मारू नका असे सांगून राणीच्या हवाली केले. राणीने दोघांचा जीव घेतला. हिल्डेब्रांटने राणीला मारले. काव्य संपते ते एट्झेल आणि डीट्रिश यांच्या रडण्याने. जयघोषाने नव्हे. सैनिकांना वीर म्हणवून गोरिंगने त्यांना दिली ती राक्षसाची जागा: साखळीत राहायचे, आणि मागण्या काय आहेत हे विचारायचे नाही.

मित्रहो, मी राक्षसांचा कैवार घेऊन आलो आहे असे कुणाला वाटेल. काही अंशी ते खरे आहे. सिगेनोट नावाचा राक्षस डीट्रिशला पकडून सापांच्या विवरात टाकतो, पण का? डीट्रिशने त्याच्या मामाला मारलेले असते म्हणून. त्याचीही काही बाजू होती. परंतु बाजू असणे आणि बरोबर असणे या दोन गोष्टी एक नाहीत, हेही मी शिकलो आहे. माझ्या काठीने मनगट मोडले ते मोडलेच. मला हुकूम होता, या सबबीने ते सांधत नाही. ते सांधले, पण वाकडे. तो गृहस्थ पुढे आमच्या संघटनेत वीस वर्षे माझ्याबरोबर राहिला, आणि पावसाळ्यात त्याचा हात दुखत असे. त्याने तक्रार कधी केली नाही; मी मात्र आभाळ भरून आले की त्याच्या हाताकडे पाहत असे.

आज या सभेला बरेच तरुण आले आहेत. त्यांच्यापैकी कुणी उंच असेल, कुणी धिप्पाड असेल, कुणाच्या अंगी दुसऱ्या तऱ्हेचे बळ असेल; लेखणीचे, यंत्राचे, हिशेबाचे. बळ कुठलेही असो, त्याला गिऱ्हाईक लगेच मिळते. कुणी तरी छाती पाहील, चिलखत चढवील आणि म्हणेल, जा, अमक्याला घेऊन ये. तेव्हा निघण्यापूर्वी दोन शब्द विचारा. उत्तर पटले तर जा. माझे काही म्हणणे नाही. आणि कधी फाटकावर उभे राहण्याची पाळी आली, तर बाहेरच्या माणसाच्या खिशातले पत्रक आधी वाचून घ्या. सातवी मागणी कदाचित तुमची असेल.